आत्मवाचक

सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय करता, एवढंच वल्लरी मॅडमनी विचारलं होतं. डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरचा त्यांचा हॉल, पांढरा बोर्ड, प्लास्टिकच्या अकरा खुर्च्या, रविवारची साडेनऊची बॅच. फ्रेंचमधली आत्मवाचक क्रियापदं वापरून प्रत्येकाने चार वाक्यं बोलायची होती. संचिताच्या शेजारच्या मुलाने धडाधड सांगून टाकलं, ज म लेव्ह, मी उठतो, ज म लाव्ह, मी अंघोळ करतो, ज म देपॅश, मी घाई करतो. मॅडमनी बोर्डावरच्या 'म'भोवती लाल मार्करने गोल काढला. हा 'म' म्हणजे 'मला', 'स्वतःला'. फ्रेंच माणूस नुसता उठत नाही, स्वतःला उठवतो. नुसती अंघोळ करत नाही, स्वतःला धुतो. मग संचिताची पाळी आली. ती उभी राहिली आणि काही विचार न करता म्हणाली, "ज लेव्ह मा मेर. ज लाव्ह मा मेर. जाबीय मा मेर. ज क्वाफ मा मेर." मी आईला उठवते. मी आईला अंघोळ घालते. मी आईला कपडे घालते. मी आईची वेणी घालते. मॅडमनी मार्करचं टोपण लावलं. "वाक्यं शंभर टक्के बरोबर आहेत, संचिता," त्या म्हणाल्या, "पण 'म' कुठे गेला? आज आपण 'म' शिकतोय ना. स्वतःचं सांगा." "ते नंतर करते," संचिता म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. त्यात वाईट काही नव्हतं. तीही हसली, खाली बसली आणि वहीत पुढचं उतरवून घेऊ लागली.

घरी जाताना ती नेहमीची भाजी घ्यायची विसरली. रिक्षा स्टँडपाशी उभी राहून तिने मनातल्या मनात खरंच मोजून पाहिलं, सकाळपासून आपण स्वतःला काय काय केलं. उठलो, हे खरं. पण ते आईच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला म्हणून. दात घासले ते आई संडासात होती आणि दार उघडं ठेवून तिच्यावर लक्ष ठेवायचं होतं म्हणून तिथेच बेसिनपाशी. अंघोळ आईची झाल्यावर त्याच ओल्या गाऊनवर दोन तांबे. हे काही दुःख नव्हतं. निदान आतापर्यंत तिने त्याला दुःख म्हटलं नव्हतं. मराठीत म्हणायची वेळच येत नाही. मराठीत माणूस उठतो, बसतो, निजतो, त्याला कुणी विचारत नाही, कुणाला उठवलंस. ही भाषा मात्र प्रत्येक वाक्यात थांबवून विचारते, कुणाला? स्वतःला की दुसऱ्याला? आणि दुसऱ्याला असेल तर लगेच तो 'म' काढून घेते, गेटवर पास काढून घेतात तसा.

फ्रेंच तिने हौसेने धरलं नव्हतं. माजिवड्याला हायवेलगतच्या एका इमारतीत परदेशी जायचे अर्ज भरून देणाऱ्या एजंटचं ऑफिस आहे. काचेच्या दारावर लाल मेपलचं पान चिकटवलेलं. तिथे ती आणि तिचा नवरा विनीत मागच्या दिवाळीनंतर गेले होते. विनीत एक्केचाळीस वर्षांचा, ऐरोलीला कंत्राटावर टेस्टिंगचं काम करणारा. त्याआधीची बारा वर्षांची नोकरी एका मंगळवारी दुपारच्या मीटिंगमध्ये गेली, आणि पुढचे सहा महिने तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचा. त्या शर्टाची तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची. एजंटने दोघांचं वय, शिक्षण, अनुभव सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि मान हलवली. "सरांचं वय आडवं येतं. दर वाढदिवसाला पॉइंट कमी होणार. इंग्लिश दोघांचं चांगलं आहे, पण तेवढ्याने नाही भागत." मग तो तिच्याकडे वळला. "मॅडम, तुमचं एमए लँग्वेजमध्ये दिसतंय. फ्रेंच करा ना. एक वर्ष. फ्रेंचवाल्यांना कॅनडा अक्षरशः बोलावून नेतंय." संचिताचं एमए संस्कृतमध्ये होतं. कल्याणच्या एका शाळेत ती नऊ वर्षं संस्कृत आणि हिंदी शिकवत होती. आईला घरी आणल्यावर ती नोकरी सोडली. एजंटचं बोलणं झाल्यावर विनीतने तिच्याकडे पाहिलं. त्यात जबरदस्ती नव्हती, लाचारी होती. ती जबरदस्तीपेक्षा वाईट. तिने हो म्हटलं.

आणि गंमत अशी की तिला ते येऊ लागलं. इतक्या वर्षांनी डोक्यातला तो बंद पडलेला भाग, जिथे पूर्वी धातूंची रूपं ओळीने उभी असायची, पुन्हा उघडला. वर्गातली पोरं रूपं पाठ करायची. तिला ती दिसायची. कुठल्या क्रियापदामागे 'द' येतो आणि कुठल्यामागे 'आ', यावर बाकीचे रडकुंडीला यायचे, तिला त्यात विभक्तीसारखा एक जुना, ओळखीचा ताल लागायचा. सॉक्युपे द, एखाद्याची काळजी घेणं, देखभाल करणं. साबित्युए आ, सवय करून घेणं. स सुव्हनीर द, आठवणं. या आठवण्यापाशी ती बराच वेळ अडकली. मराठीत आठवण येते. पाहुण्यासारखी ती कुठूनतरी आपल्याकडे येते, आणि नाही आली तर आपला काय दोष? आईला आठवत नाही, म्हणजे आईकडे ती येत नाही, एवढंच. फ्रेंचमध्ये मात्र आठवायला स्वतःला कामाला लावावं लागतं. तिथे आईचा दोष झाला असता.

आई म्हणजे विमलाबाई, पंचाहत्तरीच्या. मूळच्या राजापूरकडच्या, पण लग्नानंतरची पंचेचाळीस वर्षं विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत गेली. उल्हासनगरच्या सिंधी मालकांच्या कारखान्यांतून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे घरी यायचे आणि शिवणीतून सुटलेले धागे छोट्या कात्रीने कापून द्यायचं काम असायचं. संचिताचं आणि धाकट्या प्रीतमचं सगळं बालपण त्या निळ्या गठ्ठ्यांवर लोळत गेलं. वडील लवकर गेले, गठ्ठे येत राहिले. आता विमलाबाईंना मुलांची नावं अदलाबदल होतात, जेवण झालं की नाही ते कळत नाही, नातीला, संचिता-विनीतच्या नऊ वर्षांच्या सान्वीला, त्या संचिता म्हणून हाक मारतात. पण हातात कुठलंही कापड आलं की बोटं आपोआप शिवण चाचपत जातात आणि सुटलेला धागा बरोबर पकडतात. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवून समजावलं होतं, काय काय पुसत जाणार आणि कुठल्या क्रमाने. संचिताने त्या फोटोकडे पाहिलं होतं आणि तिला फक्त एवढंच वाटलं होतं, बोटं कधी विसरतील?

अभ्यासाला वेळ तो अंघोळीचा. आईला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवायचं, गरम पाण्यात हात घालून पाहायचं, आणि खांद्यावरून तांब्या ओतता ओतता वाक्यं म्हणायची. आई निमूट ऐकायची. कधी मधेच विचारायची, "काय बोलतेस गो? कुणाची भाषा ही?" "तिकडची आहे, आई." "तिकडची म्हणजे पुलापलीकडची? सिंधी काय?" "हो, सिंधी." "बरं आहे. शिकून घे. मालकाशी त्याच्या भाषेत बोललं की गठ्ठा चांगला देतो." आणि एकदा, पाठीला साबण लावताना, संचिता 'ज म लाव्ह, ज म लाव्ह' म्हणत होती तेव्हा आई म्हणाली, "लाव, लाव म्हणतेस नुसती. काय लावू ते सांग तरी." संचिता इतकी हसली की तिला भिंतीला हात टेकून उभं राहावं लागलं. आईही हसली, आपण काय विनोद केला ते न कळता. ओल्या केसांतून पाणी गळत होतं, खिडकीतून समोरच्या सोसायटीतला कुकर ऐकू येत होता, आणि संचिताच्या मनात अगदी स्पष्ट आलं, मी जे वाक्य इथे पाठ करते आहे, ते वाक्य मला हिच्यापासून घेऊन जाणार आहे. हसू तसंच तोंडावर राहिलं. तिने पाठीवर पाणी ओतलं.

जायचं झालं तर आईचं काय, हा प्रश्न घरात कुणी उघड विचारत नव्हतं. पहिल्यांदा सगळे धरून चालले होते की प्रीतम आहे. प्रीतम आंबिवलीला राहायचा, एका औषधाच्या कंपनीत शिफ्टमध्ये. त्याची बायको जागृती शाळेच्या बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करायची. जानेवारीत आईला पंधरा दिवस त्यांच्याकडे ठेवून पाहायचं ठरलं. सहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता प्रीतमचा फोन आला. "ताई, आई घरात नाहीये. मी नाइट करून आलेलो, जरा डोळा लागला. जागृती बसवर गेलेली. दार उघडंच." संचिता रिक्षातून आंबिवलीला पोचली तोवर आई सापडली होती. स्टेशनच्या बाकावर बसली होती, मांडीवर कुणाचं तरी वाळत घातलेल्या टॉवेलांचं ओझं, वाटेत दोरीवरून उचललेलं. तिकीट तपासणाऱ्या बाईंनी तिला बसवून ठेवलं होतं. "विठ्ठलवाडी विचारतायत सारखं," त्या म्हणाल्या, "माल पोचवायचाय म्हणतात." प्रीतम तिच्यासमोर उकिडवा बसला होता, तोंड लाल, आणि आई त्याच्या केसांवरून हात फिरवत त्याला समजावत होती की मालक चांगला माणूस आहे, उशीर झाला तरी ओरडणार नाही. घरी आल्यावर प्रीतम जिन्यात थांबून म्हणाला, "ताई, मी नाही म्हणत नाहीये. तू सांगशील तसं. पण तिला काही झालं ना, तर मी..." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यालाही कुणीतरी उचलून घ्यायला हवं होतं आणि तिचे दोन्ही हात आधीच भरलेले होते.

त्यानंतरच्या आठवड्यात विनीतने एक माहितीपत्रक आणलं. टिटवाळ्याच्या रस्त्याला वृद्धांची एक संस्था, आईंसारख्यांसाठी वेगळा विभाग, चोवीस तास बायका, आवारात झाडं. त्याने ते टेबलावर ठेवलं नाही. फ्रिजवरच्या बिलांखाली सरकवून ठेवलं, म्हणजे तिला हवं तेव्हा सापडावं. विनीत वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. पण आईंचे पाय सुजले की गरम पाण्याचं घमेलं तोच भरायचा, नखं तोच कापायचा, त्या त्याला कधी प्रीतम तर कधी मालक म्हणायच्या आणि तो दोन्हीला ओ द्यायचा. "आपण आधी जाऊ, स्थिर होऊ, मग आईंना नेऊ," तो म्हणाला. दोघांनाही माहीत होतं की हे खोटं आहे. "सान्वीसाठी म्हणतोय गं," तो पुढे म्हणाला, आणि हे खोटं नव्हतं. तिने होकारार्थी मान हलवली. तिला नाही म्हणायचं होतं. पण कशाला नाही म्हणायचं तेच सापडेना. विनीतच्या इस्त्रीच्या शर्टाला? सान्वीला? प्रत्येक नाहीच्या टोकाला कुणीतरी आपलंच माणूस उभं होतं.

मग तिने एक गोष्ट ठरवली आणि ती कुणालाही सांगितली नाही. परीक्षेत नापास व्हायचं. नापास म्हणजे अगदी शून्य नाही, ते संशयास्पद दिसलं असतं. हवे तेवढे पॉइंट मिळणार नाहीत इतकंच. वाचन, लेखन, ऐकणं यांत बरोबर उत्तरं लिहायची आणि बोलण्यात चुकायचं. बोलताना माणूस घाबरतो, कुणालाही पटेल. तिने चुका नीट तयार केल्या. 'द'च्या जागी 'आ', 'आ'च्या जागी 'द'. आत्मवाचक क्रियापदांचा 'म' खाऊन टाकायचा. भूतकाळात चुकीचं सहायक क्रियापद. आईच्या अंघोळीच्या वेळी ती आता चुकीची वाक्यं पाठ करू लागली. ते अवघड होतं. जीभ बरोबर वाक्याकडे उताराला लागल्यासारखी घसरायची आणि तिला ओढून आणावं लागायचं. पण चुकीची वाक्यं म्हणताना तिला एक वेगळाच हलकेपणा यायचा. आपण आईला घट्ट धरून ठेवतोय, असं वाटायचं. कुणाला दिसू नये असं धरणं. लहानपणी गर्दीत आई तिचं बोट न धरता तिच्या फ्रॉकचा पट्टा धरायची, तसं.

परीक्षा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्यात होती. सकाळी विनीतने सुट्टी घेतली, आईंजवळ तो बसणार होता. केंद्राच्या चौथ्या मजल्यावर एसी इतका होता की मुली ओढण्या अंगाभोवती लपेटून बसल्या होत्या. लेखी भाग झाला, जेवणाची सुट्टी झाली, आणि अडीच वाजता तिला एका छोट्या खोलीत बोलावलं. टेबलापलीकडे एक फ्रेंच बाई बसली होती, साठीची, आखूड पांढरे केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. तिच्याकडे पाहून संचिताला उगाचच बरं वाटलं. पहिला भाग साधा होता, एका जाहिरातीबद्दल फोनवर चौकशी करायची. तिथे तिने ठरल्याप्रमाणे तीन चुका केल्या. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. आता दुसरा. यात जाहिरात वाचायची आणि समोरच्या मैत्रिणीला, म्हणजे बाईंनाच, ती गोष्ट पटवून द्यायची. बाई मुद्दाम हरकती घेणार. दहा मिनिटं. बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला. त्यावर बागेतल्या खुर्चीत बसलेल्या एका म्हातारीचा हसरा फोटो होता. वृद्धांचं निवासस्थान, शांत परिसर, प्रशिक्षित सेविका. तुमच्या मैत्रिणीची आई आता एकटी राहू शकत नाही. तिला इथे ठेवण्यासाठी मैत्रिणीला राजी करा.

संचिताने कागद दोनदा वाचला. तिला वाटलं, विनीतने यांना सांगितलं की काय. मग वाटलं, किती मूर्ख आहोत आपण, हा सगळ्या जगाचा कागद आहे. बाई भूमिकेत शिरल्या होत्या. खांदे पाडून, कंटाळलेल्या लेकीच्या आवाजात त्या म्हणाल्या, नाही गं, माझी आई तिथे कधीच रमणार नाही, तिला सवय होणार नाही. आता चुकायचं. संचिताने तोंड उघडलं. "ऑं साबित्यु द..." ती म्हणाली, आणि थांबली. चूक अगदी ठरल्यासारखी बाहेर आली होती. ती तिथेच सोडून पुढे जायचं एवढंच होतं. पण कानाला खडा टोचावा तसा तो 'द' टोचला, आणि तिच्या आत कुणीतरी, नऊ वर्षं फळ्यापुढे उभं राहून पोरांचे अनुस्वार सुधारणारं कुणीतरी, म्हणालं, "पार्दों. ऑं साबित्यु आ तू." माफ करा. माणसाला सगळ्याची सवय होते. बाईंच्या भुवया किंचित वर गेल्या, कौतुकाने. आणि मग ते थांबलंच नाही. बाई म्हणाल्या, तिला वाटेल मी तिला टाकलं. संचिता म्हणाली, टाकलं असं तिला वाटेल, की तुला वाटतंय? बाई म्हणाल्या, परक्या बायका तिला अंघोळ घालणार. संचिता म्हणाली, त्या थकलेल्या नसतील. तू थकलेली आहेस, तुझे हात तिला घाईचे लागतात. हे तिला कुठून सुचलं? हे तिने कुणालाच, स्वतःलाही, कधी म्हटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, मी तिच्याशिवाय राहू शकणार नाही. त्यासाठी फ्रेंचमध्ये एक क्रियापद आहे, स पासे द, एखाद्यावाचून चालवून घेणं. त्यातला 'द' काढला की अर्थच बदलतो, मग ते नुसतं घडणं होतं. संचिताने 'द' काढला नाही. ती म्हणाली, राहू शकशील. दर रविवारी जाशील. आणि बाकीचे सहा दिवस तू स्वतःची काळजी घेशील, कारण आता ती घेणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. प्रत्येक क्रियापदाला त्याचा 'म', त्याचा 'त', त्याचा 'स' जिथल्या तिथे लागत होता. बाई हरकत काढायच्या आणि ती तिची स्वतःचीच असायची, फ्रिजवरच्या बिलांखाली ठेवलेली, आणि संचिता ती नीट, मायेने, पूर्ण वाक्यांत मोडून काढायची. शेवटी बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि हसल्या. "दाकॉर," त्या म्हणाल्या. "तु मा कोंव्हँक्यु." ठीक आहे. पटवलंस मला.

बाहेर येऊन ती जिन्याच्या कठड्यापाशी उभी राहिली. खाली हायवेवर गाड्या तापलेल्या उन्हात चमकत होत्या. तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. जे आलं होतं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. तिला आनंद झाला होता. दहा मिनिटं ती कुणाची कुणी नव्हती, एका कामात पटाईत असलेली एक बाई होती, आणि ते काम तिने आईच्या विरुद्ध केलं होतं. जीभ आपली आहे असं माणूस धरून चालतो. हात आपले, पाय आपले, जीभ आपली. तिने पाण्याची बाटली उघडली आणि एका दमात रिकामी केली.

निकाल एप्रिलमध्ये आला. बोलण्यात सगळ्यात वरची श्रेणी. वल्लरी मॅडमनी फोन करून अक्षरशः किंकाळी फोडली. माझ्या बॅचमध्ये एवढे आजवर कुणाला नाहीत, म्हणाल्या. विनीतने मोबाइल दोन्ही हातांत धरून आकडे पुन्हा पुन्हा वाचले, मग सान्वीला उचलून गोल फिरवलं, मग स्वयंपाकघरात संचिताच्या मागे येऊन उभा राहिला. ती कोथिंबीर निवडत होती. "विनीत," ती म्हणाली, "मी मुद्दाम चुकणार होते." तिने वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "मग चुकली का नाहीस?" त्याने विचारलं, टोमणा म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून. तिने आणखी एक काडी खुडली. "अजून वेळ गेलेली नाही," तो हळू म्हणाला. "कॅनडाचं आमंत्रण आलं तरी नको म्हणता येतं. तू म्हण. एकदा म्हण फक्त." ती काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला करत राहिली. फ्रेंचमध्ये तिने एका परक्या बाईला दहा मिनिटांत गप्प केलं होतं. इथे मराठीत, स्वतःच्या ओट्यापाशी, तिला एक अक्षरही सुचेना. तो थोडा वेळ थांबला आणि मग बाहेर गेला. तिचं न बोलणं हेच हो धरलं गेलं, आणि ते चुकीचं धरलं गेलं असंही तिला म्हणता येईना.

आमंत्रण जूनमध्ये आलं. कागद, तपासण्या, ठसे यांत महिने गेले, आणि नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सकाळी प्रीतम, संचिता आणि आई टिटवाळ्याच्या रस्त्याने निघाले. विनीतला आदल्या दिवशी सान्वीच्या शाळेचा दाखला मिळाला नव्हता म्हणून तो तिकडे गेला होता. रिक्षात आई मधे बसली होती, नवी कॉटनची साडी, मांडीवर पर्स. तिला सगळं सांगून झालं होतं, चारदा, वेगवेगळ्या शब्दांत, आणि प्रत्येक वेळी तिने "बरं" म्हटलं होतं. संस्था खरंच स्वच्छ होती. हौसाबाई नावाची जवळच्याच गावातली सेविका दारात उभी होती, उंच, काळी, काष्टा घट्ट कसलेला. "या आजी," ती म्हणाली, "या बाय." खोलीत तीन पलंग होते, दोन रिकामे नव्हते पण त्यांवरच्या बायका बाहेर ओसरीत बसल्या होत्या. तिसऱ्यावर धुतलेली चादर. संचिता बॅगेतले कपडे कपाटात लावू लागली. गाऊन, टॉवेल, औषधांचा डबा. वाक्यं तिच्याजवळ तयार होती. आई, हे बघ, दर रविवारी प्रीतम येईल. आई, मी रोज व्हिडिओवर दिसेन. ती वळली तेव्हा आई खोलीभर फिरत होती. तिने गादी दाबून पाहिली, खिडकीची कडी उघडून-मिटून पाहिली, संडासाचं दार लागतं का ते पाहिलं. मग येऊन पलंगावर हाताने दोनदा थापटलं.

"बस," ती संचिताला म्हणाली.

संचिता बसली.

"खिडकीजवळची जागा मिळाली, नशीब. वारा येईल." आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. आवाज कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा होता, घरचा, जबाबदारीचा. "नीट राहा गो. जेवायला लाजू नकोस, लागलं तर मागून घे. दुसऱ्या पोरींशी भांडू नकोस. मी रविवारी येते. पण रडलीस ना, तर येणार नाही हां." प्रीतम दारात उभा होता, त्याने मान फिरवली. संचिता आयुष्यात कधी वसतिगृहात राहिली नव्हती. आई हौसाबाईकडे वळली. "हिला डाळ पातळ लागते. आणि निजताना उशाशी पाणी ठेवा, मधेच उठते. कुणाला सांगत नाही, तशीच पडून राहते. तुम्हीच बघा."

"हो आजी," हौसाबाई म्हणाली. तिने एकदा संचिताकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "मी हाय ना. काय पन काळजी करू नका."

आईने दोन्ही हातांनी संचिताच्या गालांवरून बोटं फिरवली आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडली. पर्स काखेत घेतली. "चल रे प्रीतम, उशीर होतो," ती म्हणाली आणि दाराकडे निघाली. हौसाबाईने जाता जाता तिचा दंड सावकाश धरला. "आजी, चहा टाकलाय. घोटभर घेऊनशान जा," ती म्हणाली, आणि तिला ओसरीकडे, आतल्या बाजूला वळवलं. दारातून दिसेनाशी होण्याआधी आईने मागे पाहिलं.

"बसून राहा," ती म्हणाली. "मी गेल्याशिवाय उठू नकोस."

ओसरीत कप वाजले. कुणीतरी आईला नाव विचारलं, तिने सांगितलं, बरोबर सांगितलं. प्रीतम हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, चल आता. हीच वेळ आहे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. संचिता दोन्ही हात मांडीवर ठेवून, आईने सांगितल्यासारखी, बसून राहिली.